नामिबियात गाडी डावीकडून चालते

कुवेतच्या ड्रायव्हिंग परीक्षेत मी तीनदा नापास झाले, हे आमच्या ओळखीतल्या झाडून सगळ्यांना माहीत आहे. मी कुणाला सांगितलेलं नाही. ते काम माझ्या नवऱ्याने केलं. कुणाकडे जेवायला गेलो आणि बासुंदीच्या वाट्या हातात आल्या, की त्याला तो विषय आठवायचाच. पहिल्या वेळी गाडी मागे घेताना चाक पट्टीला लागलं. दुसऱ्या वेळी चढावर गाडी वीतभर मागे घसरली. या दोन गोष्टी तो भराभर उरकायचा, कारण खरी मजा तिसऱ्या वेळची होती.

तिसऱ्या वेळी माझं सगळं बरोबर चाललं होतं. शेवटी फाटकातून बाहेर पडून रिकाम्या रस्त्यावर एक फेरी मारून यायचं, एवढंच राहिलं होतं. मी ऐटीत वळले आणि थेट डाव्या बाजूने चालवायला लागले. नाशिकला गंगापूर रोडवर चालवावी तशी, आरशात बघत, अगदी निर्धास्त. कुवेतमध्ये गाड्या उजवीकडून चालतात हे मला ठाऊक होतं, माझ्या हातांना ठाऊक नव्हतं. शेजारी बसलेल्या साहेबांच्या हातातली जपमाळ थांबली. "खलास," ते म्हणाले, म्हणजे संपलं. ओरडले नाहीत. मला उतरायची खूण केली आणि गाडी स्वतःच आत नेली.

"हिला डावीकडून कुवेत बघायचंय," हे वाक्य नवऱ्याने तेव्हा काढलं आणि पुढे एकवीस वर्षं वापरलं. लोक हसायचे. मीही हसायचे, कारण न हसणाऱ्या बाईला लोक खडूस म्हणतात. पण प्रत्येक वेळी आत काहीतरी खुपायचं. आम्ही फिंतासला राहतो. सलवाला मैत्रिणीकडे जायचं तर नवऱ्याची शिफ्ट संपायची वाट बघा, अब्बासियातून भाजी आणायची तर शुक्रवारची वाट बघा. टॅक्सी आहे, बस आहे, पन्नास डिग्रीत बसथांब्यावर उभं राहायची हौस असेल तर सगळं आहे. मी एकवीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून काढली, आणि मला खरंच गाडी चालवता येत होती.

हे शेवटचं कुणी लक्षातच घेत नसे. माझ्या वडिलांची दिंडोरीकडे द्राक्षबाग होती. कॉलेजात असल्यापासून बागेतला माल पॅकहाऊसला न्यायची पिकअप मीच चालवायचे. बागेपासून डांबरी रस्त्यापर्यंत चार किलोमीटर निव्वळ खडी आणि मुरूम. क्रेटमधला घड हलला की मणी गळतो, आणि गळलेला मणी पॅकहाऊसवाले बाजूला काढतात. वडील मागे क्रेटपाशी बसायचे आणि तिथून ओरडायचे, "ब्रेक कशाला मारतेस गं? आधीच हळू हो ना!" खड्डा यायच्या आधी पाय उचलायचा, स्टिअरिंग घट्ट धरायचं नाही, रस्ता सांगेल तसं थोडं जाऊ द्यायचं. हे मी तिथे शिकले. सुट्टीला नाशिकला गेले की भावाची गाडी अजूनही मीच घेते. नवरा म्हणायचा, "ते काय चालवणं आहे? खेडेगावातलं!"

नामिबियाला जायची कल्पना मुलीची. ती पुण्याहून शिकून आली होती आणि सप्टेंबरमध्ये कॅनडाला जाणार होती. तिघांनी मिळून केलेला हा शेवटचा लांबचा प्रवास असणार, हे तिघांनाही कळत होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं. "गाडी भाड्याने घ्यायची, टपावर तंबू असतो, स्वतः चालवत फिरायचं," ती म्हणाली. "डेझर्ट आणि वाइल्डलाइफ, दोन्ही."

"वाळवंट बघायला तिकीट काढून जायचं?" नवरा म्हणाला. "पडदा बाजूला कर. समोर आहे."

पण मनातून तो खूश होता. तो रिफायनरीत इंजिनिअर आहे आणि थंडीत त्याचे कुवेती सहकारी वाळवंटात तंबू ठोकतात, तिथे त्याला आग्रहाने बोलावतात. चार-पाच हिवाळे त्यांच्या शेकोटीपाशी बसून चहा पिऊन आल्यावर वाळवंटातलं आपल्याला सगळं कळतं, असं त्याचं ठाम मत झालं होतं. मी मे महिन्यात नाशिकला गेले तेव्हा आरटीओत जाऊन आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणला. कुणाला बोलले नाही. गाडीच्या फॉर्मवर दुसऱ्या चालकाच्या रकान्यात मुलीने माझं नाव टाकलं, तेव्हा नवरा म्हणाला, "असू दे. शोभेला."

मी शोभेला म्हणून अब्बासियातून भाजणी, मेतकूट आणि दोन किलो दाण्याची चटणी घेतली, आणि ऑगस्टमध्ये आम्ही विंडहोकला उतरलो. तिथे तेव्हा हिवाळा, कडाक्याची थंडी होती. कुवेतच्या ऑगस्टमधून गेलेल्या माणसाला तो गारठा स्वर्गासारखा वाटतो.

गाडी पांढरी डबल कॅब पिकअप होती, टपावर दोन तंबू, मागे दोन जादा चाकं. नवरा ऐटीत डावीकडचं दार उघडून आत बसला आणि समोर स्टिअरिंग नाही हे बघून क्षणभर तसाच बसून राहिला. मग काहीच न झाल्यासारखा उतरून पलीकडे गेला. नामिबियात आपल्यासारखंच आहे. रस्त्याची डावी बाजू, स्टिअरिंग उजवीकडे. पहिले तीन दिवस त्याने वळायचं म्हटलं की इंडिकेटरऐवजी वायपर लावले. स्वच्छ निळं आकाश आणि काचेवर वायपर फिरतायत. मी एक अक्षर बोलले नाही. मुलगी मात्र मागून म्हणायची, "बाबा, पाऊस थांबला का?"

गाडीवाल्या बाईने निघताना बजावलं होतं. खडीच्या रस्त्यावर ऐंशीच्या वर जायचं नाही, जोरात ब्रेक मारायचा नाही, एकदम वळवायचं नाही. "मॅडम, आम्ही वाळवंटातूनच आलोय," नवऱ्याने तिला हसून सांगितलं. तीही हसली. ती रोज असल्या माणसांना भेटत असावी.

इटोशाच्या जंगलात पहिले दिवस सुखाचे गेले. पांढरं, मिठाचं, क्षितिजापर्यंत सपाट मैदान, आणि त्याच्या कडेला पाणवठे. एका पाणवठ्यावर आम्ही सकाळभर गाडीतच बसून राहिलो. झेब्रे आले, जिराफ आला आणि पाय फाकवून, अगदी जपून वाकून पाणी प्यायला. मग हत्ती आले तसे बाकीचे सगळे मुकाट बाजूला झाले. मुलीने माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवली होती. तेवीस वर्षांची घोडी, पण टेकवली होती. मी मान हलवली नाही.

चौथ्या दिवशी आम्ही इटोशा सोडून दक्षिणेला डामारालँडमध्ये शिरलो. लाल डोंगर, पिवळं गवत आणि मैलोन् मैल खडीचा रस्ता. तासातासाला एखादी गाडी. रस्ता रिकामा असला की नवऱ्याची गाडी हळूहळू उजवीकडे सरकायची. मी म्हणायचे, "अहो, डावीकडे." तो म्हणायचा, "अगं, कोण येतंय इथे?" काटा नव्वदला होता.

पुढे चढ होता. चढाच्या माथ्यावर ट्रक आला, मागे धुळीचा डोंगर घेऊन. आम्ही रस्त्याच्या मधोमध. अशा वेळी माणूस विचार करत नाही, हात करतात ते होतं. नवऱ्याच्या हातांना एकवीस वर्षांची कुवेतची सवय. त्याने गाडी उजवीकडे घेतली, म्हणजे सरळ ट्रकच्या पुढ्यात.

मी ओरडले, "डावीकडे! डावीकडे!"

त्याने फिरवलं, पण एकदम फिरवलं. खडीवर गाडी आडवी घसरली, रस्ता सोडून कडेच्या बांधावरून उडाली आणि पलीकडच्या चरात आदळली. ट्रक हॉर्न वाजवत बाजूने गेला. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही एकमेकांची नावं घेत होतो. तिघेही शाबूत. गाडी चार चाकांवर उभी, त्यातलं एक फाटलेलं. नवऱ्याने उतरायला म्हणून पाय बाहेर टाकला आणि कळवळला. त्याची कंबर धरली होती.

ट्रकवाला थांबून मागे चालत आला. साठीचा असेल, डोक्यावर लोकरीची टोपी. सोबत एक माणूस. दोघांनी काही न विचारता जॅक लावला, चाक बदललं, गाडी चरातून वर काढून दिली. मग त्याने हात पुसत विचारलं, कुठून आलात? कुवेत. तिकडे कोणत्या बाजूने चालवतात? उजव्या. त्याने मान डोलावली. नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून, लहान मुलाला सांगावं तसं, तो इंग्रजीत म्हणाला, "इकडे डावीकडून, बाबा." आणि मग, "आता कोण चालवणार?"

खरा प्रश्न तोच होता. फोनला रेंज नव्हती. मुलीकडे फक्त स्कूटरचं लायसन्स. नवरा दोन्ही हात कमरेवर ठेवून वाकडा उभा होता.

"मी चालवणार," मी म्हणाले.

"तू?" नवरा म्हणाला. "वेडी आहेस का? ही काय तुझ्या भावाची ऑल्टो आहे? आपण यांच्या गाडीतून गावापर्यंत जाऊ, कंपनीला फोन करू, गाडी परत देऊ. झाली ट्रिप."

"आई, आर यू शुअर?" मुलगी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर भीती होती. चरात पडताना नव्हती एवढी.

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. "एकवीस वर्षं," मी म्हणाले, "एकवीस वर्षं तुम्ही लोकांना सांगताय, हिचे हात डावीकडे जातात. हो, जातात! आत्ता ते डावीकडेच जायला हवे होते की नाही? तुमचे कुठे गेले? मला परीक्षेत नापास केलं ते बरोबर केलं त्यांनी, त्यांचा रस्ता उजवीकडचा. हा रस्ता माझा आहे. बसा तिकडे!"

ट्रकवाल्याला मराठी कळत नव्हतं, पण त्याने मुकाट्याने शेजारच्या सीटचं दार उघडून धरलं.

मी बसले. सीट पुढे ओढली, आरसे नीट केले. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि चाकाखाली खडी वाजायला लागली. हा आवाज मला माहीत होता. वीस-एकवीस वर्षांची असताना रोज ऐकलेला. रस्त्यावर पत्र्यासारख्या आडव्या लाटा पडलेल्या होत्या. प्रत्येक लाटेला नवरा दात आवळत होता. मी त्याला द्राक्षाचा क्रेट समजले. खड्डा यायच्या आधी पाय उचलायचा, ब्रेक नाही, वळण आधीच हेरायचं, चाक फिरवायचं ते चमच्याने साखर ढवळल्यासारखं. अर्ध्या तासाने त्याचं कण्हणं थांबलं. फक्त उजवा पाय जमिनीवर दाबून कल्पनेतले ब्रेक मारत राहिला.

दुपारी रस्ता एका कोरड्या नदीच्या पात्रात उतरला. दोन्हीकडे उंच बोरू, मधून एका गाडीपुरती वाट. बोरू हलला आणि समोर, इमारतीपासून सोसायटीचं गेट असतं तेवढ्या अंतरावर, हत्तीण उभी. वाळवंटातले हत्ती उंच, सडपातळ दिसतात, लांब पायांचे. तिच्या पोटाखाली पिल्लू होतं. तिने कान पसरले आणि एक पाऊल पुढे टाकलं.

"हलू नकोस," नवरा कुजबुजला. "नाही, हॉर्न मार. नको, नको, मारू नकोस."

मी रिव्हर्स टाकला. मागची काच सामानाने भरलेली, म्हणजे नुसत्या बाजूच्या आरशांवर. वाट एवढी अरुंद की दोन्हीकडचा बोरू दाराला घासत होता. वाळूत गाडी थांबली असती तर रुतली असती, घाई केली असती तर हत्तीण बिथरली असती. मी एका वेगाने, सरळ रेषेत, शंभरेक मीटर मागे आले आणि दगडांच्या आडोशाला गाडी लावली. हत्तीण आमच्याकडे बघत उभी राहिली, मग तिने कान मिटले आणि पिल्लाला पुढे घालून पात्र ओलांडून गेली. तिच्या मागून आणखी सात हत्ती गेले. मुलगी आपला श्वासही ऐकू येऊ नये अशी बसली होती.

ते गेल्यावर ती म्हणाली, "आई, तू हे कधी शिकलीस?"

"तुझ्या जन्माच्या आधी," मी म्हणाले. आनंदाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, म्हणून लगेच गाडी सुरू केली.

समुद्रकाठच्या स्वाकोपमुंड गावात डॉक्टरने नवऱ्याला तपासलं. हाडाला काही नाही, स्नायू आखडलाय, पण आठवडाभर गाडी चालवायची नाही. नवऱ्याने एकदा प्रयत्न करून पाहिला, "मग आपण इथेच चार दिवस आराम करू." मुलीने नकाशा उघडला आणि म्हणाली, "नाही बाबा. आई आपल्याला सोसुसव्लेईला नेणार आहे." तेव्हाच मला कळलं की पक्षबदल झालेला आहे.

सोसुसव्लेई म्हणजे लाल वाळूचे डोंगर. उद्यानाच्या फाटकापासून पुढे डांबरी रस्ता आहे, पण शेवटचे पाच किलोमीटर निव्वळ खोल वाळू. तिथे गाडी लावून सरकारी जीपमधून जायची सोय आहे, आणि बहुतेक शहाणी माणसं तेच करतात. आम्ही सकाळी पोचलो तेव्हा समोरच दोन गाड्या आसापर्यंत रुतलेल्या होत्या. एकीतले सहा दांडगे गोरे पुरुष हातांनी वाळू उपसत होते.

"जीपने जाऊ," नवरा म्हणाला. "तू इथवर आणलंस, बास झालं. खरंच सांगतो."

"मला स्वतः जायचंय," मी म्हणाले. "रुतले तर रुतले. पण जीपने गेले तर आयुष्यभर वाटत राहील."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग कंबर धरत हळूहळू उतरला, मागून हवा मोजायचं यंत्र काढलं आणि पहिल्या चाकापाशी मोठ्या कष्टाने गुडघ्यावर बसला. वाळूत जाताना चाकांतली हवा कमी करायची, हे मात्र तो त्या हिवाळी शेकोट्यांपाशी खरोखर शिकून आला होता. चारही चाकांची हवा त्याने स्वतः मोजून उतरवली. मला हात लावू दिला नाही. "थांबायचं नाही," तो म्हणाला. "काही झालं तरी थांबायचं नाही. वाळूत थांबलं की संपलं."

मी फोर-व्हील टाकला आणि निघाले. वाळू पाण्यासारखी असते, स्टिअरिंगला धरायला काही लागतच नाही. गाडी हवी तशी डोलत होती. मी तिला डोलू दिली. रुतलेल्या गाड्यांना वळसा घालताना पुढचं चाक खाली जायला लागलं, इंजिन घरघरलं, नवरा "दे, दे, दे!" म्हणून ओरडला, मी दिलं, आणि गाडी हुंकार देऊन वर आली. पुढे एका झाडाखाली कडक जमीन लागली तेव्हा मी थांबले. आम्ही पोचलो होतो.

मुलगी दार उघडून बाहेर पळाली आणि वाळूत नाचायलाच लागली. मी उतरले आणि तिच्याबरोबर नाचले. बावन्नाव्या वर्षी, लाल डोंगराच्या पायथ्याशी, पायांत मोजे घालून. सरकारी जीपमधून उतरणाऱ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग आम्ही मोठ्या डोंगराच्या धारेवरून निम्म्यापर्यंत चढलो, खाली पांढऱ्या तळाचं वाळकं तळं आणि त्यात उभी काळी मेलेली झाडं बघितली, आणि भाजणीची थालीपीठं खाल्ली. नवरा खाली गाडीपाशी बसून होता. जीपचे ड्रायव्हर त्याच्याशी बोलत होते. तो गाडीकडे आणि मग वर आमच्याकडे हात दाखवून त्यांना काहीतरी सांगत होता, आणि ते सगळे वर बघत होते.

कुवेतला परत आल्यावर मी चौथ्यांदा परीक्षा दिली आणि पास झाले. सात मिनिटं लागली. इथल्या मराठी मंडळातल्या बायका त्याचे पेढे मागतात, आणि मी देते. पण मला त्या परीक्षेचं विशेष काही वाटत नाही. मला आठवतो तो परतीचा दिवस.

आम्ही सोसुसव्लेईहून विंडहोकला निघालो होतो. पुन्हा खडीचा रस्ता, पुन्हा लाटा. दोन्हीकडे पिवळं गवत, आणि त्यात मधूनमधून लांब सरळ शिंगांचे ओरिक्स उभे. माझा नवरा आयुष्यात कधीही दुसऱ्याच्या गाडीत झोपलेला नाही. टॅक्सीत नाही, कंपनीच्या बसमध्ये नाही, नाशिकला माझ्या भावाच्या गाडीत तर नाहीच. दुसरा माणूस चालवत असला की त्याचे डोळे रस्त्यावर असतात. मी म्हणाले, "अहो, ते बघा, केवढा कळप!" उत्तर आलं नाही. वळून बघितलं तर तो मान दाराला टेकवून, तोंड किंचित उघडं ठेवून गाढ झोपला होता. दोन्ही हात मांडीवर पालथे, पाय सैल. मागे मुलगीही झोपली होती.

मी त्यांना उठवलं नाही. पुढचा खड्डा बघून आधीच पाय उचलला. विंडहोक अजून दोनशे किलोमीटर होतं.